गाय जांभळी केली, म्हणून काय बिघडलं?

प्रश्न : ताई, आम्ही गंगाखेड तालुक्यात खेड्यात राहतो. माझा मुलगा साडेचार वर्षांचा आहे. तालुक्याच्या इंग्रजी शाळेत ज्युनिअर केजीला जातो. शाळेतून रोज रंगवायचं एक पान घरी येतं. बाईंनी दोनदा वहीवर लिहून पाठवलं, की रंग रेघेबाहेर जातो, सराव घ्या. हा खडू मुठीत धरतो आणि एवढा दाबतो की कागद फाटतो, नाहीतर खडू मोडतो. परवा गायीला जांभळा रंग दिला. मी दुसऱ्या पानावर परत करायला लावलं तर रडून गोंधळ घातला. झाडाची पानं कधी हिरवी करतो, कधी तपकिरी. मामंजी म्हणतात, रंगवण्यात काय ठेवलंय, शेजारचं लेकरू झेडपर्यंत एबीसीडी लिहितंय, ते शिकव. आता वही काढली की हा पळून जातो. मोबाइलवरचा रंगवायचा गेम मात्र तासभर खेळतो. रंगवण्याचा खरंच काही उपयोग असतो का? असेल तर ते करून कसं घ्यायचं?

— एक आई, जि. परभणी

उत्तर : ताई, उपयोग असतो आणि भरपूर असतो. पण तुमच्या पत्रातली मला सगळ्यात जास्त खटकलेली गोष्ट म्हणजे वही काढली की तो पळतो. रेघ, मूठ, फाटलेला कागद ही सगळी दुरुस्त होणारी कामं आहेत. साडेचार वर्षांचं लेकरू रंगांना भ्यायला लागलं, तर पुढे पेन्सिलीलाही भिईल. म्हणून आधी एक करा. पुढचे काही आठवडे घरी ‘सराव’ हा शब्दच काढू नका. रंग घरात दिसतील असे ठेवा, तुम्ही स्वतः चार रेघोट्या ओढत बसा, त्याला बोलावू नका. तो येईल.

आता मुठीचं बघू. लेकराच्या हाताची ताकद खांद्याकडून बोटांकडे उतरत जाते. आधी खांदा आणि कोपर हलतं, मग मनगट, आणि बोटांची बारीक हालचाल सगळ्यात शेवटी येते. मनगटात आठ छोटी हाडं असतात. जन्माच्या वेळी ती हाडं नसतातच, मऊ कूर्चा असते. एकेक करत ती कडक होतात आणि सगळी तयार व्हायला दहा-बारा वर्षं जातात. साधारण दीड-दोन वर्षांचं मूल खडू मुठीत धरतं, तिसऱ्या-चौथ्या वर्षी बोटांत धरायला लागतं, आणि अंगठा व दोन बोटांची मोठ्या माणसांसारखी पकड पाच-सहा वर्षांच्या आसपास बसते. तुमचा मुलगा अजून मुठीवर आहे म्हणजे थोडा मागे आहे, एवढंच. घाबरण्यासारखं नाही, पण मदत द्यायला हवी. ‘नीट धर, नीट धर’ म्हणणं ही मदत होत नाही. बोटांत ताकद नसताना पकड बदलायला लावली, की लेकरू जास्तच दाबतं.

मदत तुमच्या घरातच पडलेली आहे, त्या मोडलेल्या खडूंमध्ये. लांब खडू हातात आला की मूठ आपोआप वळते, कारण मुठीला धरायला जागा असते. अंगठ्याच्या पेराएवढा तुकडा मुठीत मावतच नाही. तो अंगठा आणि दोन बोटांच्या टोकांनीच धरावा लागतो. म्हणजे ‘नीट धर’ हे खडूच सांगतो, तुम्हाला सांगावं लागत नाही. तेव्हा मोडलेले तुकडे टाकू नका आणि मोडले म्हणून रागावूही नका. उलट नव्या खडूंचे आपणच दोन-दोन तुकडे करा. वरचा कागदही सोलून टाका, म्हणजे तुकडा आडवा धरून मोठी जागा भरता येते. अगदीच चुरा झाला असेल, तर आपल्या एप्रिल-मेच्या उन्हाचा उपयोग करून घ्या. जुन्या स्टीलच्या वाटीत मेणाच्या खडूंचा चुरा घाला, वाटी दुपारी पत्र्यावर ठेवा, मेण मऊ झालं की काडीनं एकत्र दाबा आणि सावलीत गार करा. जाडजूड, चार रंगांचा एक गोळा तयार होतो. तो कागदावर फिरवला की एकाच रेघेत चार रंग उमटतात. वाटी उचलायचं काम मात्र तुमचं, चटका बसेल एवढी ती तापते.

दुसरं म्हणजे कागद जमिनीवरून उठवून भिंतीवर लावा. कॅलेंडरची जुनी पानं उलटी करून त्याच्या डोळ्यांच्या उंचीला चिकटवा. उभ्या कागदावर रंगवताना मनगट आपोआप मागे वाकतं आणि खांदाही राबतो. लिहायला नेमकं तेच लागतं. अंगणात फरशी किंवा शहाबादी असेल तर पाण्यात बुडवलेला जुना ब्रश देऊन द्या. पाण्यानं रंगवलेलं वाळून जातं, लेकरू परत रंगवतं. खर्च काहीच नाही आणि दाब कमी करण्याचा हा सगळ्यात सोपा उपाय आहे, कारण ब्रश दाबला तर केस पसरतात आणि रेघ बिघडते, हे त्याचं त्यालाच दिसतं.

आणि रंगांच्या बाहेरही बोटांना काम द्या. भुईमुगाच्या शेंगा फोडणं, वेचणीच्या दिवसांत बोंडातून कापूस ओढून काढणं, कणकेचे छोटे गोळे वळणं, दोरीवरच्या कपड्यांना चिमटे लावणं. ही सगळी कामं खेड्यातल्या घरात रोजच असतात आणि बोटांसाठी ती शाळेच्या पानापेक्षा जास्त उपयोगाची आहेत. पोळ्याच्या आधी मातीचे बैल करायला बसवा. काळी माती चिवट असते, ती मळायला जोर लागतो, आणि जोर जिरवायला तीच चांगली.

आता रेघेबाहेर जाण्याचं. रेघेच्या आत थांबण्यासाठी डोळ्यांनी रेघ बघायची, हात तिच्याजवळ आला की वेग कमी करायचा आणि टेकताच थांबवायचा, एवढी तीन कामं एका क्षणात करावी लागतात. चौथ्या-पाचव्या वर्षी हे जमायला लागतं, सगळ्यांना एकाच महिन्यात जमत नाही. तोवर चित्र मोठं द्या. शाळेच्या पानावर बहुतेक वेळा बारीक फुलं, बारीक फुगे असतात. तुम्ही वहीच्या पूर्ण पानावर एकच आंबा काढा, जाड रेघेनं. रेघेवर सुतळी किंवा लोकरीचा धागा डिंकानं चिकटवलात तर खडू तिथे अडतो आणि थांबायचं कुठे हे हाताला कळतं. हे करताना त्याला ‘बाहेर गेलं बघ’ म्हणायची वेळच येत नाही.

रंगवायच्या तयार पुस्तकांबद्दल माझं मत विचाराल तर ती घरात असावीत, पण रोजचा मुख्य आहार होऊ नयेत. त्यांचा उपयोग ठरावीक आहे. एक काम हातात घेऊन पुरं करणं, सीमा ओळखणं, हात सांभाळणं. कोऱ्या कागदावर मात्र काय काढायचं, कुठे काढायचं, किती मोठं काढायचं हे सगळं लेकराला ठरवावं लागतं. त्याची गोलगोल रेघोट्यांची भेंडोळी आपल्याला गिचमीड दिसते, पण त्यातच गोल बंद करायला तो शिकतो. साधारण तिसऱ्या वर्षी मूल गोल उतरवतं, चौथ्या वर्षी अधिकचं चिन्ह, त्रिकोण पाचव्या वर्षाच्या आसपास. आपली अक्षरं म्हणजे तरी काय, उभी रेघ, आडवी रेघ, तिरपी रेघ, अर्धगोल आणि गाठ. ही सगळी वळणं आधी चित्रात यावी लागतात. पाऊस पडतोय म्हणून उभ्या रेघा, तिफणीच्या सरी म्हणून आडव्या रेघा, डोंगर म्हणून अर्धगोल, असं खेळत भरून घ्या. आठवड्यात पुस्तकातली दोन पानं झाली तर कोरे कागद त्याच्या दुप्पट व्हावेत, असं मी धरते.

गाय जांभळी का केली, याचं उत्तर त्याच्याकडेच आहे आणि ते विचारण्यासारखं आहे. मुलांच्या चित्रांचा आयुष्यभर अभ्यास करणारे व्हिक्टर लोवेनफेल्ड यांनी फार आधी दाखवून दिलं होतं, की साधारण चार ते सात वर्षांचं मूल रंग निवडताना वस्तूचा खरा रंग धरून चालत नाही, त्याला जो आवडला, जो हाताशी आला, तो घेतं. वस्तूला तिचा रंग देण्याची ओढ त्यानंतर लागते, ती शिकवावी लागत नाही. आणि तुमच्या गावात तर पोळ्याला निळ्या-गुलाबी शिंगांचे, अंगावर गेरूचे ठसे उमटवलेले बैल वेशीतून वाजतगाजत जातात. ते बघणाऱ्या लेकरानं गाय जांभळी केली, तर त्यात चूक कसली? ते पान फेकलं नसेल तर भिंतीला लावा. दुसऱ्या पानावर परत करायला लावलंत, ते मात्र पुन्हा करू नका.

खरा रंग दाखवायचाच असेल तर कागदावर दाखवू नका, गोठ्यात न्या. आपल्या मराठवाड्यातली देवणी गाय बघा, पांढऱ्या अंगावर काळे ठिपके-पट्टे. लाल कंधारी गडद तांबडी. कुणाचं तोंड काळं, कुणाच्या कपाळावर चांद. ‘हिच्या पाठीवर कुठला रंग आहे? आणि पोटाखाली? शेपटीचा गोंडा?’ असं विचारत राहा. इथे तांबडा, करडा, ढवळा, तपकिरी, फिकट, गडद हे शब्द त्याच्या तोंडात बसतील. दुपारी आजीच्या पेटीतली लुगडी काढून बसलात तर मोरपंखी, डाळिंबी, अबोली, पोपटी हेही येतील. शाळेच्या पानावर एका गायीला एकच रंग असतो. गोठ्यातल्या एका गायीत पाच सापडतात.

बोलणं हा रंगकामातला सगळ्यात मोलाचा भाग आहे आणि नेमका तोच सुटतो. चित्र पूर्ण झालं की आपण ‘छान’ म्हणतो आणि भाकरीकडे वळतो. त्याऐवजी दोन मिनिटं बसा. ‘हे काय आहे?’ असं विचारलं तर लेकराला वाटतं आपल्याला ओळखू आलं नाही. ‘मला सांग ना याच्याबद्दल’ म्हणा. किंवा जे दिसतंय तेच बोला, ‘इथे तू खूप जोरात गोल गोल फिरवलंस, आणि हा कोपरा रिकामा ठेवलास.’ मग तो जे सांगेल ते त्याच्याच शब्दांत, मोठ्या अक्षरांत चित्राखाली लिहा. समजा तो म्हणाला, ‘ही गाय बाजारला चालली आबासंग.’ तसंच लिहा, ‘आबासंग’ला ‘आबांसोबत’ करू नका. लिहिताना बोट फिरवत वाचून दाखवा. संध्याकाळी आबांनाही वाचून दाखवा. आपण बोललेलं कागदावर उतरतं आणि परत तसंच वाचता येतं, हे ज्या लेकराला कळलं त्याची वाचायची निम्मी तयारी झाली. एबीसीडी झेडपर्यंत गिरवणाऱ्या कितीतरी मुलांना ही गोष्ट पहिलीत गेल्यावरही उमगलेली नसते.

गणितही इथेच येतं. खडूंचे तुकडे रंगाप्रमाणे वेगळे करणं, मग लांबीप्रमाणे लावणं. कागदाच्या पट्टीवर लाल-पिवळा-लाल-पिवळा असं झेंडूच्या तोरणासारखं रंगवून ‘आता पुढे कोणता येईल?’ विचारणं. एवढं पुरे, वेगळा तास घेऊन बसू नका.

मामंजींना कसं सांगायचं? ते शेतकरी असतील तर त्यांना पेरणीचं विचारा. नांगरट झाली नाही, कुळवाच्या पाळ्या झाल्या नाहीत आणि पहिल्या पावसाला बी टाकलं, तर उगवेल का? साडेचार वर्षांच्या हाताला अक्षरं गिरवायला लावणं तसंच आहे. शेजारचं लेकरू झेडपर्यंत लिहीत असेल तर त्याचं कौतुक करा, पण त्या अक्षरानं कुठला आवाज होतो हे त्याला कळतं का, ते मामंजींनाच एकदा बघू द्या. सरकारनंही २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात तीन ते आठ वर्षं हा एकच पायाभूत टप्पा धरला आहे आणि तो खेळातून, कृतीतून शिकवायचा असं म्हटलं आहे. आपल्या महाराष्ट्रात तर ही वाट जुनी आहे. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ मध्ये बोर्डीला बालवाडी सुरू केली आणि आदिवासी पाड्यांवर मुलांच्याच अंगणात जाऊन शिकवलं. माती, पानं, बिया, शिंपले, गावात मिळेल ते साहित्य. अंगणवाडी तिथून आली.

मोबाइलच्या गेमबद्दल मी कडक बोलणार आहे. तिथे बोट टेकवलं की अख्खा आंबा एका झटक्यात पिवळा होतो. दाबायचं नाही, थांबायचं नाही, रंग मिसळायचा नाही, हाताला काहीच कळत नाही. त्याला तो आवडतो कारण तिथे त्याला कुणी चूक म्हणत नाही. ही गोष्ट तुम्ही कागदावरही देऊ शकता. जागतिक आरोग्य संघटनेनं २०१९ मध्ये तीन-चार वर्षांच्या मुलांसाठी दिवसाला जास्तीत जास्त एक तास पडदा सांगितला आहे, आणि तोही जितका कमी तितका बरा. तुमच्याकडे एकट्या गेमलाच तास जातोय. गेम काढून टाका. दोन-चार दिवस रडेल, त्या दिवसांत मी खाली सांगते ते त्याच्यापुढे मांडा.

दोन चमचे हळद अर्धी वाटी पाण्यात कालवा. कोऱ्या कागदावर ते पाणी कापसानं सगळीकडे फासा आणि कागद सावलीत वाळवा. दुसऱ्या वाटीत थोड्या पाण्यात खायचा सोडा विरघळवा. काडीला कापूस गुंडाळून त्याच्या हातात द्या आणि सोड्याच्या पाण्यात बुडवून पिवळ्या कागदावर काढायला सांगा. जिथे काडी फिरेल तिथे तांबूस रेघ उमटते. त्यावर लिंबाचा थेंब टाकला की पुन्हा पिवळं. पांढरं पाणी तांबडी रेघ कशी काढतं, हे बघताना मी अजून एकही लेकरू जागचं उठून गेलेलं पाहिलं नाही. सोड्याऐवजी चुना वापरू नका. चुन्यानं रंग झकास येतो, पण डोळ्यात गेला तर इजा होते.

असे रंग आपल्या भागात फुकट मिळतात. होळीच्या सुमाराला पळसाची फुलं पाण्यात उकळली की केशरी रंग सुटतो. गेरू आहे, चुलीची काजळी आहे, बिटाच्या फोडी आहेत, आणि आडवी कापलेली भेंडी रंगात बुडवली की फुलाचा ठसा उठतो. अजिंठ्याच्या भिंतींवरचा तांबडा आणि पिवळाही गेरू आणि पिवळ्या मातीचाच आहे, काळा काजळीचा. कधी संभाजीनगरकडे जाणं झालं तर त्याला तिथे न्या आणि ‘यातला कुठला रंग आपल्या घरी आहे?’ एवढंच विचारा. पोळ्याला शिंगांना लावतात तो ऑइलपेंट आणि होळीचे बाजारी रंग मात्र लेकराच्या हाताला लागू देऊ नका.

शाळेतल्या बाईंशी भांडू नका. एका वर्गात तीस-चाळीस मुलं, वरून पालकांची वह्या भरून हव्यात अशी मागणी, त्यांचीही अडचण असते. प्रत्यक्ष जाऊन भेटा आणि सांगा, की आम्ही घरी बोटांची ताकद वाढवायचं काम करतोय, दिवाळीपर्यंत वहीवर शेरा नको. रोजचं पान येईल ते पूर्ण व्हायलाच हवं असं नाही. त्यानं अर्धं केलं तर अर्धं परत पाठवा. स्वतः बसून पुरं करू नका. बऱ्याच आया ते करतात आणि बाईंना ते लगेच कळतं.

शेवटी एक गोष्ट मात्र तपासून घ्याच. पानं कधी हिरवी, कधी तपकिरी, असं तुम्ही सहज लिहिलंय. बहुधा हाताला आला तो खडू त्यानं घेतला असेल. पण काही मुलांना जन्मतःच लाल, हिरवा आणि तपकिरी यांच्यातला फरक नीट दिसत नाही, आणि हे मुलींपेक्षा मुलांत पुष्कळ जास्त असतं. ते आईकडून येतं. आईला स्वतःला काहीच जाणवत नाही, पण तिच्या वडिलांना किंवा भावाला तसं असू शकतं. तेव्हा माहेरी एकदा विचारा. घरी एवढं करून बघा. एकाच जातीच्या हिरव्या, तपकिरी आणि लाल बांगड्या एकत्र करा, रंगांची नावं अजिबात न घेता ‘यासारख्या सगळ्या इकडे ठेव’ म्हणा. नावं विचारली तर नाव विसरल्यामुळे चुकतोय की दिसत नसल्यामुळे, हे कळत नाही. दोन-तीन वेगवेगळ्या दिवशी, उजेडात, तो हिरव्या-तपकिरीचीच गल्लत करत असेल तर परभणीच्या सरकारी दवाखान्यात डोळ्यांच्या विभागात दाखवा. ठिपक्यांच्या चित्रांची तपासणी असते, दुखत-खुपत काही नाही. आकडे न येणाऱ्या मुलांसाठी त्यात बोटानं वाट शोधायची पानंही असतात. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक वर्षातून दोनदा अंगणवाडीत येतं, ते तुमच्या गावात कधी येणार हे सेविकाताईंना विचारून त्या दिवशी त्यालाही घेऊन जा. तसं काही निघालंच तर त्याला औषध नाही, आणि लागतही नाही, लेकरू सगळं शिकतं. फक्त बाईंना लेखी कळवा, आणि त्याच्या खडूंवर रंगाप्रमाणे खुणा करून द्या, हिरव्यावर पानाची, तपकिरीवर खोडाची.